जुडी आणि खूणचिठ्ठी

(दशाश्वमेध घाटानजीक मराठी रहिवासी व यात्रेकरू यांच्या एका छोट्या मेळाव्यात अनुवादिकेने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

संगणकांच्या जाळ्यांविषयीच्या एका पुस्तकाचा मी मराठी अनुवाद केला, एवढ्याच आधारावर आपण मला आज येथे बोलावयास उभे केले आहे. माझे शिक्षण मराठी वाङ्मयाचे. एम. ए.च्या वर्गात मी महानुभावांचे गद्य वाचले, पंडितकवींची वृत्ते मोजली. तारा, स्विच आणि सर्व्हर यांचा प्रश्न कोणत्याही परीक्षेत मला कधी आला नाही. त्यामुळे या विषयातील तज्ज्ञ म्हणून मी बोलणार नाही. एखादी गोष्ट न समजता भाषांतरित केली होती आणि ती पुढे याच घाटावर कशी समजली, तेवढे मी सांगणार आहे.

आपण बसलो आहोत तेथून दशाश्वमेधाच्या पायऱ्या हाकेच्या अंतरावर आहेत. दक्षिणेला शीतला घाट आणि त्यापुढे अहिल्याबाईंचे नाव धारण करणारा घाट आहे. ज्या अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले, त्यांच्या नावाचा हा घाट मराठी यात्रेकरूस आपल्या घरचा वाटतो. उत्तरेला मानमंदिर आणि त्याच्या गच्चीवरील वेधशाळा आहे. अशा या प्राचीन परिसरात संगणकांची जाळीही आता येऊन पोचली आहेत. २०१५ साली भारत संचार निगमने या घाटावर वायफाय सेवा सुरू केली. आज घाटामागील गल्ल्यांतील लहानशा यात्रीनिवासातही कॅमेरे, हिशेबाचे संगणक आणि पाहुण्यांसाठी इंटरनेट असते. तेव्हा विषय दूरचा वाटला तरी तो आपल्या उंबऱ्याच्या आतलाच आहे.

पुस्तकातील ज्या प्रकरणाने मला सर्वांत अधिक छळले, त्याचा आशय असा आहे: अनेक तारांची एक जुडी करून तिच्यावरून अनेक स्वतंत्र जाळी नेलेली असतात, यंत्रणा नव्या आवृत्तीवर नेली की काही वेळा त्यांपैकी काही जाळी मुकी होतात, हा दोष कसा शोधावा? मूळ लेखकाने हे प्रकरण जाणकारांसाठी लिहिले होते. मला सामान्य वाचकासाठी ते मराठीत आणावयाचे होते. शब्द सापडत होते, पण चित्र डोळ्यांपुढे उभे राहत नव्हते.

प्रथम जुडी म्हणजे काय ते पाहू. आपल्या कचेऱ्यांतून व घरांतून जी तारांची पद्धत सर्रास वापरली जाते, तिला ईथरनेट म्हणतात. १९७३ साली अमेरिकेत पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या कामातून ती जन्मास आली. या पद्धतीत माहिती सलग धारेसारखी वाहत नाही. ती लहान लहान लखोट्यांतून जाते. अशा लखोट्याला फ्रेम असे म्हणतात. त्यावर ज्याला पाठवावयाचे त्याचा पत्ता, पाठविणाऱ्याचा पत्ता आणि आत जास्तीत जास्त १५०० बाइट मजकूर असतो. स्विच नावाची पेटी हे पत्ते वाचते आणि लखोटा योग्य तारेवर टाकते.

आता समजा, तळमजल्यावरील सर्व्हर आणि वरच्या मजल्यावरील स्विच यांच्यामध्ये एकच तार आहे. ती उंदराने कुरतडली की सर्व काही बंद. म्हणून दोन तारा टाकतात आणि दोन्ही टोकांना सांगतात की या दोहोंना एकच समजा. यालाच तारांची जुडी करणे म्हणतात. याविषयीचे सर्वमान्य प्रमाण २००० साली ठरले. जुडीतील एक तार तुटली तरी दुसरीवरून काम चालू राहते आणि दोन्ही धड असतील तर भार वाटला जातो. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दोन संगणकांमधील एका संभाषणाचे सर्व लखोटे सहसा एकाच तारेवरून जातात. कारण ते दोन तारांवर विखुरले तर मागचा पुढे आणि पुढचा मागे पोचण्याचा संभव असतो. कोणते संभाषण कोणत्या तारेवर टाकावयाचे, हे पत्त्यांवरून केलेल्या एका लहानशा गणिताने ठरते. ही बारीक गोष्ट पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

जुडी मला सहज समजली. अडचण आली ती खूणचिठ्ठीची.

गेल्या मार्गशीर्षात वडिलांच्या अस्थी घेऊन मी आणि माझा धाकटा भाऊ येथे आलो होतो. विधी आटोपल्यावर तीर्थोपाध्यायांनी आपली वही उघडण्यापूर्वी विचारले, “गाव कोणते?” भावाने सांगितले, “पुणे.” त्यांनी एक वही काढली, बराच वेळ चाळली आणि मान हलविली. आमचे आडनाव त्या वहीत अनेकदा होते, पण आमचे कोणी नव्हते. मग ते म्हणाले, “आता राहता ते गाव नको. मूळ गाव सांगा.” मूळ गाव कोकणातले. ते नाव उच्चारताच त्यांनी दुसरीच वही काढली, आणि काही मिनिटांत आमच्या पणजोबांची मोडी वळणाची सही आमच्यापुढे होती. खाली आजोबांची, त्याखाली वडिलांची. भावाने त्याच पानावर वडिलांच्या निधनाची नोंद केली. आम्ही दोघेही काही वेळ काहीच बोललो नाही.

संध्याकाळी निवासाच्या खोलीत हस्तलिखित उघडल्यावर मला ते प्रकरण निराळेच दिसू लागले. घाटावर येणारी वाट सर्वांची एकच आहे. नावे एकसारखी, आडनावे एकसारखी. कोण कोणत्या वहीतला, हे केवळ गावाच्या नावावरून ठरते. जाळ्यांतही तसेच असते. एकाच तारेवरून कचेरीचे, पाहुण्यांचे आणि कॅमेऱ्यांचे लखोटे जातात. परंतु त्यांनी एकमेकांत मिसळता कामा नये. पाहुण्याच्या मोबाइलला कचेरीचे हिशेब दिसू नयेत. यासाठी प्रत्येक लखोट्यावर तो कोणत्या गटाचा हे सांगणारी एक चिठ्ठी लावतात. अशा गटाला आभासी जाळे, किंवा व्यवहारात व्हीलॅन, म्हणतात. बेलकोर या अमेरिकन संशोधनसंस्थेतील डेव्हिड सिन्कोस्की यांनी १९८०च्या दशकात या कल्पनेचा पाया घातला आणि १९९८ साली तिचे प्रमाण निश्चित झाले.

ही चिठ्ठी अवघ्या ४ बाइटांची असते. पहिल्या दोन बाइटांत ‘येथे चिठ्ठी आहे’ एवढे सांगणारी ठरावीक खूण असते. उरलेल्या दोहोंत १६ बिट असतात: त्यांतील ३ लखोट्याची निकड सांगतात, १ बिट गर्दीत हा लखोटा टाकून दिला तरी चालेल की नाही हे सांगतो, आणि १२ बिटांत गटाचा क्रमांक असतो. १२ बिटांत ४०९६ संख्या मावतात. पहिली व शेवटची राखून ठेवलेली असल्याने ४०९४ गट करता येतात. ज्या लखोट्यावर चिठ्ठीच नसते, त्याला स्विच टाकून देत नाही. त्या तोंडासाठी जो गट आधीच ठरवून ठेवलेला असतो, त्यात तो घालतो. बहुधा हा गट पहिल्या क्रमांकाचा असतो. मूळ गाव न सांगणारा जसा पुण्याच्या वहीत शोधला जातो, तसेच हे झाले. चूक झाली असे कोणी सांगत नाही; माणूस फक्त सापडत नाही.

आता त्या रात्रीची हकीकत सांगते. ज्या यात्रीनिवासात आम्ही उतरलो होतो त्याचे नाव मी सांगणार नाही, कारण दोष त्यांचा एकट्यांचा नव्हता आणि त्यांनी आमचे आदरातिथ्य उत्तम केले. तेथे तळमजल्यावर एक सर्व्हर होता. त्या एका यंत्राच्या पोटात तीन आभासी संगणक चालत: एक हिशेबाचा, एक कॅमेऱ्यांची चित्रे साठविणारा आणि एक पाहुण्यांच्या इंटरनेटची व्यवस्था पाहणारा. सर्व्हरपासून वरच्या स्विचपर्यंत दोन तारांची जुडी होती. पाहुण्यांचे लखोटे चिठ्ठीविना जात, हिशेबाच्या लखोट्यांवर २० आणि कॅमेऱ्यांच्या लखोट्यांवर ३० हा क्रमांक असे. त्या दिवशी दुपारी सर्व्हरची कार्यप्रणाली नव्या आवृत्तीवर नेली होती. हे काम करणारा तरुण काशीतच वाढलेल्या एका मराठी कुटुंबातला. तो मला ताई म्हणू लागला होता, आणि मी जाळ्यांवरचे पुस्तक भाषांतरित करते आहे याचे त्याला मोठे नवल वाटत होते.

रात्री आठच्या सुमारास खाली गलबला ऐकू आला. आमच्याच निवासात उतरलेल्या विदर्भातील एका यात्रा-मंडळींतील वृद्ध आजी आरतीच्या गर्दीत चुकल्या होत्या. सोबतची माणसे घाटावर, पायऱ्यांवर, नावांजवळ त्यांना हाका मारीत फिरत होती. पोलिसांना कळविले होते. कोणी म्हणाले, “दारावरच्या कॅमेऱ्यात पाहा, त्या परत आल्या का?” आणि त्या तरुणाचा चेहरा उतरला. दुपारपासून एकही कॅमेरा सर्व्हरला दिसत नव्हता. प्रत्येक कॅमेऱ्यात स्वतःचे लहान मेमरी कार्ड असते, त्यामुळे चित्रे टिपली जात होती. परंतु गल्लीवरचा तो कॅमेरा लोखंडी दांड्यावर उंच बसविलेला होता आणि रात्री शिडी लावून तेथवर पोचणे शक्य नव्हते. वाट होती ती जाळ्यातूनच.

तो म्हणाला, “ताई, सगळे दिवे हिरवे आहेत. जुडी चालू आहे. पाहुण्यांचे इंटरनेटही चालू आहे. मग हे का दिसत नाही?”

मला दुरुस्ती येत नव्हती, पण प्रकरण माझ्यापाशी होते. मी शेजारी बसून एकेक मुद्दा मोठ्याने वाचू लागले आणि तो त्याप्रमाणे पाहू लागला.

पहिला मुद्दा असा की हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवू नये. दिवा तारेतील संकेत पोचतो आहे एवढेच सांगतो. जुडीची दोन टोके एकमेकांना ठरावीक वेळाने, दर सेकंदास किंवा दर ३० सेकंदांनी, ‘मी आहे’ असा निरोप पाठवीत असतात. तीन निरोपांइतका काळ उलटूनही काही आले नाही तर ती तार जुडीतून बाद होते. पण हे निरोप चिठ्ठीविना जातात. म्हणून जुडी पूर्णपणे निरोगी दिसत असूनही चिठ्ठीचे लखोटे त्यातून मुळीच जात नसतील, असे होऊ शकते. पाहुण्यांचे इंटरनेट चालू होते ते याच कारणाने, कारण त्यांच्या लखोट्यांवरही चिठ्ठी नव्हती. जे चालू होते त्या सर्वांत चिठ्ठीचा अभाव हाच एक सामायिक दुवा होता. एवढी एक गोष्ट ओळखली आणि शोधाचे क्षेत्र अर्ध्याहून कमी झाले.

दुसरा मुद्दा, कागदावर मजले काढावेत. सर्वांत खाली तारा, त्यांवर जुडी, जुडीवर सर्व्हरच्या पोटातील आभासी स्विच, त्यावर तीन आभासी संगणक. वरचा प्रत्येक मजला खालच्याला नावाने ओळखतो. नवी आवृत्ती आली की ही नावेच कधी कधी बदलतात. लिनक्स या कार्यप्रणालीत जाळ्याच्या कार्डांना पूर्वी केवळ क्रमाने नावे मिळत. २०१३ सालापासून यंत्रातील त्यांच्या जागेवरून नावे देण्याची पद्धत रूढ होत गेली, आणि पुढच्या आवृत्त्यांत काही कार्डांच्या नावांना शेवटी आणखी दोन-तीन अक्षरे जोडली गेली. येथेही तेच झाले होते. एका तारेच्या कार्डाचे नाव शेपटीने वाढले होते. जुडीच्या यादीत मात्र जुनेच नाव होते. परिणामी जुडी एकाच तारेवर उभी होती.

त्याने नाव दुरुस्त केले. दुसरी तार जुडीत आली. आम्हां दोघांनाही वाटले, सापडले. पण कॅमेरे दिसेनात.

अशा क्षणी माणूस घाईने चार गोष्टी बदलतो आणि मूळ दोष कायमचा झाकून टाकतो. पुस्तकात यावर एक चांगली सूचना होती: दोष सापडला म्हणजे तोच आपला दोष असे समजू नये, तो आपल्या लक्षणाचा उलगडा करतो का ते विचारावे. एक तार नसणे हे कॅमेरे न दिसण्याचे कारण असू शकत नव्हते, कारण उरलेली एक तार सर्वांना पुरेशी होती. उलट, दोन तारांपैकी एकीवर चिठ्ठीची मनाई असती, तर आठ कॅमेऱ्यांपैकी काही दिसले असते आणि काही नसते. कारण कोणते संभाषण कोणत्या तारेवर जाते हे गणिताने ठरते. काही दिसते, काही दिसत नाही, असे लक्षण असेल तर एखाद्या तारेकडे पाहावे. येथे दोन्ही तारा जुडीत असताना एकही कॅमेरा दिसत नव्हता. म्हणजे दोष जुडीत किंवा तिच्या वरच्या मजल्यावर असण्याचा संभव अधिक होता.

तिसरा मुद्दा, तारेला कान लावावा. येणारे-जाणारे लखोटे टिपून पडद्यावर दाखविणारे प्रोग्रॅम असतात. त्याने ते लावले. कॅमेऱ्यांचे लखोटे येताना दिसले, पण त्यांवर चिठ्ठी दिसेना. तो लगेच म्हणाला, “म्हणजे वरचा स्विचच चिठ्ठी लावत नाही!” आणि स्विचची मांडणी बदलण्यास तो निघाला. मी त्याला थांबविले, कारण पुढच्याच परिच्छेदात इशारा होता. आजची बरीच कार्डे काम हलके करण्यासाठी चिठ्ठी लखोट्यावरून स्वतःच उतरवून घेतात आणि ती निराळी संगणकाच्या हाती देतात. काही साधनांना ही निराळी दिलेली चिठ्ठी दिसत नाही. म्हणून कार्डाची ही सोय तात्पुरती बंद करून पुन्हा पाहावे. तसे केले. प्रत्येक लखोट्यावर ३० हा क्रमांक स्वच्छ दिसू लागला. वरचा स्विच निर्दोष होता. त्याची मांडणी त्या क्षणी बदलली असती, तर एकाचे दोन दोष झाले असते.

मग एकेक मजला चढत आम्ही ऐकले. तारेवर चिठ्ठी होती. जुडीवर चिठ्ठी होती. चित्रे साठविणाऱ्या आभासी संगणकाच्या तोंडाशी मात्र काहीच येत नव्हते. जिथपर्यंत दिसते आणि जिथून दिसत नाही, या दोहोंमध्ये एकच वस्तू उरली: सर्व्हरच्या पोटातील आभासी स्विच.

तेव्हा त्याने जरा खालच्या आवाजात सांगितले, “ताई, दुपारी मी एक बदल केला. नव्या आवृत्तीत हा आभासी स्विच चिठ्ठी वाचू शकतो, असे दिसले. ते अधिक सुरक्षित म्हणून मी ते चालू केले.” जुन्या मांडणीत हा स्विच चिठ्ठीकडे न पाहता सर्व लखोटे पुढे ढकलीत असे. चिठ्ठी वाचू लागल्यावर तो प्रत्येक तोंडाशी एक यादी पाहतो आणि यादीत नसलेल्या गटाचा लखोटा मुकाट्याने टाकून देतो. यादी मुळात केवळ पहिल्या गटाची असते. त्याने २० आणि ३० हे क्रमांक लिहिले होते, पण ते तारांच्या नावापुढे. आभासी स्विचच्या दृष्टीने मात्र तारा अस्तित्वातच नसतात. त्याला जोडलेली असते ती जुडी. जुडीच्या नावापुढे फक्त १ होता.

त्याने जुडीच्या नावापुढे २० आणि ३० लिहिले. एवढेच. पडद्यावर आठ चौकोन होते. त्यांत एकेक करून चित्रे उमटली.

गल्लीवरच्या कॅमेऱ्यातील चित्रे मागे नेऊन पाहिली. सर्व मंडळी आजींना घाटावर शोधत होती. आजी मात्र सव्वासातला दारापर्यंत परत आल्या होत्या. दारापुढे त्या क्षणभर थांबल्या. अंधारात त्यांना ते दार ओळखू आले नसावे. मग त्या दक्षिणेकडच्या गल्लीत वळल्या. शोधणारी माणसे तिकडे धावली. अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर, फुलांच्या द्रोणांची टोपली आवरणाऱ्या एका बाईच्या शेजारी आजी बसलेल्या होत्या. त्या बाईने त्यांना पाणी दिले होते आणि आपली शाल पांघरली होती. त्यांची भाषा एकमेकींना फारशी कळत नव्हती. आजी परत आल्या तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. मंडळींतील एकाने त्या तरुणाच्या पाठीवर हात ठेवला. तो मात्र हिशेबाचा संगणक चालू झाला की नाही ते पाहण्यात गढला होता.

मित्रहो, आपल्यापैकी काहींच्या घरी, दुकानी किंवा संस्थेत अशी व्यवस्था असेल. त्यांच्यासाठी त्या प्रकरणातील आणि त्या रात्रीतील उपयुक्त गोष्टी थोडक्यात सांगते.

यंत्रणा नव्या आवृत्तीवर नेण्यापूर्वी कागदावर पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात: कोणत्या तारा जुडीत आहेत, त्यांची नावे व कार्डांवरील कायमचे पत्ते काय आहेत, जुडी कोणत्या पद्धतीने बांधली आहे, कोणते गट तिच्यावरून जातात, आणि चिठ्ठीविना येणारा लखोटा कोणत्या गटात पडतो. हा कागद दोन्ही टोकांसाठी असावा, कारण चिठ्ठी हा दोन टोकांमधला करार आहे. एका टोकाने लावायची आणि दुसऱ्याने समजून घ्यायची. करार मोडला तरी तारेला त्याचा पत्ता नसतो.

लहान निरोप जातात पण मोठी फाइल मध्येच अडकते, असे दिसले तर चिठ्ठीच्या ४ बाइटांची आठवण ठेवावी. चिठ्ठीविना पूर्ण भरलेला लखोटा १५१८ बाइटांचा असतो, चिठ्ठीसह १५२२ बाइटांचा. वाटेतील एखादे यंत्र ही वाढ मान्य करीत नसेल तर ते नेमके भरलेले लखोटेच टाकून देते.

बदल एका वेळी एकच करावा, आणि तो केला की लिहून ठेवावा. दूर बसून जुडी बदलू नये. ज्या जोडणीतून आपण बोलत आहोत तीच तोडली जाते. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालविण्यासारखे ते आहे. यंत्रापुढे पडदा व कळफलक लावून तेथेच बसावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काम संपले असे म्हणण्यापूर्वी प्रत्येक गटातील एक तरी वस्तू खरोखर चालवून पाहावी. त्या दुपारी कोणी एकदा कॅमेऱ्यांचा पडदा उघडला असता तर दोष दुपारीच सापडला असता. पाहुण्यांचे इंटरनेट चालले म्हणून सर्व ठीक आहे, असे मानले गेले. आपण नेहमी आपल्याला दिसणारी गोष्ट तपासतो. जिची गरज रात्री पडणार असते ती तपासावयाची राहून जाते.

एक गोष्ट अनुवादिका म्हणून सांगावयाची आहे. माझ्या हस्तलिखितात मी त्या चिठ्ठीला आधी ‘लेबल’ असे म्हटले होते. लेबल बरणीवर असते. बरणीत काय आहे ते सांगून त्याचे काम संपते. जाळ्यातील चिठ्ठीचे काम तेथून सुरू होते, कारण पुढच्या माणसाने ती वाचावयाची असते आणि त्याच्याजवळ त्या नावाची वही असावी लागते. पुण्याला परतल्यावर मुद्रिते तपासताना मी सर्वत्र ‘खूणचिठ्ठी’ हा शब्द घातला. तो अधिक चांगला आहे असा माझा आग्रह नाही; आपल्यापैकी कोणाला याहून नेमका शब्द सुचला तर मी पुढील आवृत्तीत आनंदाने स्वीकारीन.

तो तरुण आज या सभेत मागच्या रांगेत बसलेला आहे. त्याने मला बोलताना तीनदा हाताने खूण केली. म्हणजे माझ्या सांगण्यात निदान तीन ठिकाणी काही ढिलाई राहिली असावी. आपले प्रश्न त्यालाच विचारावेत, अशी माझी विनंती आहे.